फौजदाराच्या नऊ गोळ्या

"आजवर किती गोळ्या गेल्या?" फौजदाराचा ओठ अंगठ्याने वर उचलून हिरडी पाहत डॉक्टर कुडच्यांनी विचारले.

"नऊ," मी म्हणालो.

"रोज एक?"

"रोज एक."

"जेवणानंतरच?"

"हो. जेवणानंतरच."

डॉक्टरांनी हिरडीवर बोट दाबले, सोडले. बोटाच्या जागी उमटलेला पांढरा ठिपका तसाच राहिला. भोवतालची हिरडीही त्याहून फार वेगळ्या रंगाची नव्हती. पत्र्याच्या टेबलावर आमचा कुत्रा कुशीवर पडला होता आणि त्याचे डोके अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, दोन्ही तळहातांत धरले होते. आई बाकावर बसली होती. रिक्षात तो तिच्या मांडीवर ओकला होता आणि तिच्या साडीवर भिजल्या चहापत्तीसारखे काहीतरी वाळत चालले होते.

"शी कशी होती?"

"डांबरावानी," आई म्हणाली. "काल सकाळपास्नं. मला वाटलं, मळ्यात काय तरी खाल्लं असंल."

"रक्त आहे ते, काकू. पोटात जखम झालीय. तिथलं रक्त खाली उतरेपर्यंत काळं होतंय." डॉक्टर माझ्याकडे वळले. "गोळी बाधली याला. एखाद्याला बाधते. मी पहिल्याच दिवशी बजावलं होतं की नाही? भूक गेली, ओकला, काळी शी झाली, तर त्या क्षणी गोळी बंद. बजावलं होतं ना?"

"बजावलं होतं."

त्यांनी बजावले होते, हे खरेच होते. पण त्या नऊ गोळ्यांपैकी एकही फौजदाराच्या पोटात गेली नव्हती. नवाच्या नऊ माझ्या पुस्तकांच्या पेटीत, तळाशी अंथरलेल्या वर्तमानपत्राखाली होत्या, आणि त्या खोलीतल्या चौघांपैकी हे फक्त मला ठाऊक होते.

या गोष्टीला आता सात वर्षे झाली. तेव्हा मी एकवीस वर्षांचा होतो. मिरजेच्या पूर्वेला आमचा पाऊण एकराचा पानमळा आहे. शेवरीच्या झाडांवर चढवलेल्या पानवेलींखाली वर्षाचे बारा महिने ओल आणि सावली असते. उन्हाळ्यातही तिथली माती पायाला गार लागते, आणि पानमळ्यात चप्पल घालून जायचे नाही ही आमच्याकडची रीत. तीस वर्षे त्या गारव्यात अनवाणी वावरून अण्णांचे गुडघे गेले होते; अकरा वर्षे त्याच वाफ्यांत झोपून फौजदाराचे मागचे दोन्ही खुबे गेले. डॉक्टर त्याला पहिल्यांदा तपासायला आले तेव्हा हसून म्हणाले होते, "भूपालअण्णा, मालक आणि नोकर एकदमच निवृत्त व्हायला आलेत की!"

"नोकर कोण, मालक कोण, ते त्यालाच इचारा," अण्णा म्हणाले होते. "सकाळी मी उठायच्या आधी हा दारात उभा. 'चला' म्हणतंय. आता उभंच ऱ्हाईना झालंय."

तपासणी झाली. संधिवात ठरला. डॉक्टरांनी चौदा गोळ्या दिल्या आणि त्या देण्याचे काम माझ्यावर सोपवले, कारण घरात शिकलेला मी होतो. खोक्यात घडी घातलेला एक पातळ कागद होता. तो मी वाचला, हीच माझी पहिली चूक असेल. बारीक अक्षरांत लिहिले होते: जठरात व्रण, रक्तस्राव, यकृत, मूत्रपिंड, क्वचित मृत्यू. मी मोबाइलवर आणखी वाचले. कुठल्याशा देशातल्या एका बाईने आपल्या कुत्र्याबद्दल लिहिले होते: तीन गोळ्या दिल्या आणि चौथ्या दिवशी त्याला अंगणात पुरले. तिने त्याचे छायाचित्रही लावले होते. त्याचा एक कान फौजदारासारखाच मोडलेला होता.

त्या संध्याकाळी फौजदाराचे जेवण झाल्यावर मी गोळी गुळाच्या खड्यात दाबली आणि त्याच्यापुढे बसलो. त्याने माझ्या हाताचा वास घेतला. माझ्या हातून त्याला कधी वाईट असे काही मिळाले नव्हते, म्हणून तो पाहतही नव्हता. नुसते तोंड उघडून थांबला होता. त्या थांबण्याने माझा हात मागे आला. मी गोळी काढून घेतली आणि रिकामा गूळ त्याला दिला.

"दिलीस का रे?" आतून आईने विचारले.

"दिली," मी म्हणालो.

माझी समजूत अशी होती, की उद्या देऊ. मोठ्या माणसांपुढे मला नाही म्हणता येत नसे आणि डॉक्टरांकडे जाऊन 'मला भीती वाटते' हे सांगण्याची कल्पनाही सोसत नसे. गप्प बसणे मला लहानपणापासून येत होते. दुसऱ्या संध्याकाळीही मी रिकामा गूळ दिला. तिसऱ्याही.

त्या तीन रात्री फौजदार कण्हत होता. ओरडणे नव्हे, दार हळूहळू लोटताना बिजागरी वाजते तसा बारीक, थांबून थांबून येणारा आवाज. अण्णा अंथरुणात उठून बसत. "गोळीचा काय गुण येईना रे सुकुमार," ते अंधारातच म्हणत. "डॉक्टर म्हणाले, आठवडा लागतो," मी सांगत असे. डॉक्टर असे काही म्हणाले नव्हते.

चौथ्या दिवशी भाद्रपदातले आमचे जैनांचे पर्व लागले. दहा दिवस घरात एकच चूल, एकच वेळ. अण्णा दरवर्षी एकाशन करतात: दुपारी एकदा बसून जे खायचे, प्यायचे, औषध घ्यायचे ते तेव्हाच, त्याआधी आणि त्यानंतर पाण्याचा थेंबही नाही. घर जेवेल तेव्हा कुत्रे जेवेल, असा आमच्याकडचा नेम. म्हणून फौजदारही दुपारी एकदाच जेवत असे. माझा रिकामा गूळही मग दुपारवर आला. गल्लीत त्यावरून थट्टा होई. "फौजदारानं पण व्रत धरलंय बघा," लोक म्हणत, "पेन्शनीचा विचार दिसतोय."

आणि पर्वाच्या तिसऱ्या दिवशी फौजदार उठला. आधी पुढचे पाय, मग थोडे थांबून मागचे. आणि अण्णांमागे मळ्याच्या वाटेला लागला. पाचव्या दिवशी तर त्याने बांधावरच्या खारीवर झेप घेण्याचा आव आणला. "गुण आला बघ गोळीला!" आई म्हणाली. मी मान हलवली. मनातून मला केवढा आनंद झाला होता! माझे भिणे बरोबर ठरले होते. गोळीवाचून तो सुधारत होता. सगळे जे औषध समजत होते ते माझ्या पेटीत पडून होते आणि कुत्रे चालत होते. आयुष्यात प्रथमच मला आपण शहाणे आहोत असे वाटले. ते शहाणपण तीन दिवस टिकले.

"सलाइन लावतो," डॉक्टर सांगत होते. "पोटाला आवर घालायला एक इंजेक्शन देतो. गोळीचाच दोष आहे म्हटल्यावर दिशा ठरलेली आहे. चोवीस तास काढले तर आशा."

ते कपाटाकडे वळले. त्यांचा हात बाटल्यांवरून फिरत होता. दिशा ठरलेली आहे, असे ते म्हणाले होते. ती दिशा मी दिली होती. ती चुकीची होती, आणि योग्य कोणती ते मला माहीत नव्हते. फौजदाराची बरगडी वर येत होती, खाली बसत होती. दोन श्वासांमधला वेळ मी मोजू लागलो होतो. अण्णा त्याच्या कानाशी वाकून पुटपुटत होते, "ऊठ की रे फौजदार, पाणी फिरवायचं राहिलंय."

मी टेबलाजवळ सरकलो. डॉक्टरांनी सुईचे पाकीट फोडले.

"डॉक्टर," मी म्हणालो, "त्याला गोळी दिलेली नाही."

"कधी? आज?"

"कधीच नाही. एकही नाही."

डॉक्टर सुई हातात धरून तसेच उभे राहिले. फौजदाराच्या डोक्यावर फिरणारा अण्णांचा हात थांबला. आई बाकावरून अर्धी उठली.

"नऊ म्हणालास ना?"

"पेटीत आहेत. मी नुसता गूळ देत होतो."

"का?"

"तो कागद वाचला होता."

डॉक्टरांनी मला शिवी दिली नाही. दिली असती तर बरे वाटले असते. त्यांनी सुई खाली ठेवली आणि एकदम निराळ्या, झपाट्याच्या आवाजात बोलू लागले. "म्हणजे हे दुसरंच काहीतरी आहे. भूपालअण्णा, शेजारी कुणी उंदराचं औषध टाकलंय? गोडाऊनमध्ये? द्राक्षाच्या शेडमध्ये?"

"न्हाई ओ. पर्वात कोण मारतंय उंदीर?"

"तुमचं पर्व आहे, सगळ्या गावाचं नाही. उंदराच्या औषधाचा उपचार वेगळा असतो. मी इथं भलतंच करत बसलो असतो आणि हे संध्याकाळी गेलं असतं. नीट आठवा. त्याच्या तोंडात काय काय गेलं? घरात दुसरं कुठलं औषध आहे? दुखण्याचं?"

"ह्यांच्या गुडघ्याची गोळी हाय," आई घाईने म्हणाली. "पण ती तर हे सोताच खात्यात, सकाळ-दुपार, दोन—"

आणि तिने पदर तोंडावर धरला.

काही क्षण कुणाच्याच लक्षात आले नाही की तिला काय झाले. मग माझ्या लक्षात आले. पर्व चालू होते. अण्णांना सकाळची गोळी घेता येत नव्हती.

"सकाळची मी खात न्हाई," अण्णा सावकाश म्हणाले. "पर्वात सकाळी पाणी पण न्हाई माझं. तुला म्हाईत हाय."

"मग पाकीट संपलं कसं?" आई पदराआडून म्हणाली. "दोन दोन कमी होत हुत्या की रोज. मी बघत हुते."

अण्णा कुत्र्याकडे पाहत होते. त्यांचे ओठ हलले, पण शब्द डॉक्टरांनीच काढून घेतला.

"अण्णा. तुम्ही याला दिली?"

"व्हय."

"किती?"

"एक एक. रोज पहाटं, घर उठायच्या आधी. गुळातनं." गुळातनं म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिले; गुळाची युक्ती ते माझ्याकडूनच शिकले होते. "सा दिवस झाले."

"माणसाची गोळी? अख्खी? अहो, कुत्र्याला विष आहे ती!"

"मला काय ठावं? माझ्या गुडघ्याला तिनं बरं वाटतं." त्यांचा आवाज बारीक झाला. "ह्याच्या गोळीनं कायच हुईना. तीन रात्री कण्हला. मला तर सकाळची चालत नव्हती. म्हटलं, वाया कशाला, माझ्या वाटची त्याला मिळू दे."

"पहाटे त्याच्या पोटात काही असायचं?"

"चूल दुपारी पेटते."

डॉक्टर स्टुलावर बसले आणि त्यांनी कपाळ चोळले. "उपाशीपोटी," ते स्वतःशीच म्हणाले. मग उठले, पुन्हा सुई हातात घेतली. "चला. निदान कळलं तरी. उंदराचं औषध नाही, हे एक बरं. पण आता मला त्याच्या मूत्रपिंडाची धास्ती आहे. रक्त घेतो. सुकुमार, तू ही बाटली धर. उंच धर. हात खाली आला तर बघ."

मी बाटली धरली. पुढचे तीन तास मी ती धरून उभा होतो; खिळा होता, पण डॉक्टरांनी तो दाखवला नाही आणि मी मागितला नाही. थेंब पडत होते. बाहेर रस्त्यावरून ओला चारा भरलेली एक गाडी गेली, तिच्यामागे शाळेतून सुटलेल्या मुली. मधूनच फौजदाराचा मागचा पाय झोपेत पळाल्यासारखा हले, आणि आम्ही तिघेही एकदम पुढे वाकत असू.

बाकावर आई अण्णांशी दबक्या आवाजात बोलत होती.

"मला वाटलं, तुमी चोरून खाताय."

"आणि बोलली न्हाईस?"

"काय बोलू? म्हटलं, मोडलं तर मोडू दे एक व्रत. गुडघे किती सोसतील माणसाचे. देवाला काय, तो बसूनच असतोय."

अण्णा हसले नाहीत, पण त्यांनी तिच्या साडीवरचा वाळलेला डाग नखाने खरवडायला घेतला. पर्वातले त्यांचे जेवण तेव्हा चुकलेले होते. दुपार टळली होती आणि आता त्यांना दुसऱ्या दिवशीच्या दुपारपर्यंत पाणीही मिळणार नव्हते. आईने एकदा पाण्याची बाटली पुढे केली. त्यांनी ती घेतली, आपला रुमाल भिजवला आणि फौजदाराची कोरडी पडलेली जीभ पुसली.

नंतर ते लंगडत माझ्याजवळ आले.

"का दिली न्हाईस रे?"

"भीती वाटली."

"कशाची?"

"त्याला काही होईल याची."

अण्णांनी मान हलवली. "मला त्याच्या कण्हण्याची वाटली," ते म्हणाले. "घरात दोन माणसं भीत हुती, आणि एकमेकाला सांगाय दोघांनाबी तोंड नव्हतं."

रक्ताचा अहवाल दुसऱ्या दिवशी आला. मूत्रपिंडे दुखावली होती, पण थकली नव्हती. डॉक्टर अशाच शब्दांत बोलत. त्यानंतरचे चार दिवस मी कसे काढले ते मला क्रमाने आठवत नाही. मांजरपाटाच्या तुकड्यावर पडलेले ते सोनेरी पोट आठवते आणि ते वर येण्याची वाट पाहणे आठवते. शी काळी, मग तपकिरी. एकदा तो पुन्हा ओकला आणि आई स्वयंपाकघरात जाऊन दार लावून बसली. अनंत चतुर्दशीच्या दुपारी, पर्वाच्या शेवटच्या दिवशी, अण्णा एकाशनाला बसले असता फौजदार सरपटत पाटापर्यंत आला आणि अण्णांच्या ताटातली भाताची पेज चाटू लागला. अण्णांनी हात ताटाबाहेर काढला आणि ते चाटणे संपेपर्यंत तसाच अधांतरी ठेवला. त्या दिवशी ते त्या पेजेवाचूनच उठले.

महिन्याने डॉक्टरांनी पुन्हा रक्त तपासले. दुखणे काही गेले नव्हते. खुबे होते तसेच होते. फौजदार उठताना भिंतीचा आधार घेत असे. "दुसरी गोळी देतो," डॉक्टर म्हणाले. "कमी मात्रेची. पोट भरल्यावरच. दर महिन्याला रक्त बघू. हिलाही दोष आहेत, आधीच सांगतो. सगळ्यालाच असतात. लक्ष ठेवायचं आणि द्यायची." मग पाकीट माझ्याकडे द्यावे की अण्णांकडे, हे ठरवता न आल्यासारखे ते क्षणभर थांबले. अण्णांनी माझ्याकडे बोट केले.

त्या संध्याकाळी आम्ही मळ्यात होतो. फौजदाराचे जेवण नुकतेच झाले होते. शेजारच्या मळ्यातले जिनगोंडाकाका बांधावर येऊन टेकले आणि त्यांनी कुत्र्याची चौकशी केली.

"वाचलं म्हणं?"

"वाचलं की," अण्णा म्हणाले. "आमच्या सुकुमारमुळं वाचलं. त्यानं डॉक्टरच्या गोळ्या दिल्या न्हाईत म्हणून. त्या आणि माझी, दोन्ही पोटात गेल्या असत्या तर तिसऱ्या दिवशीच खलास. पोराला आधीच समजलं हुतं."

"शिकलेलं पोरगं," काका म्हणाले, आणि तंबाखू मळत निघून गेले.

मी वाफ्याकडे पाहत राहिलो. अण्णांनी सांगितले त्यात खोटे काही नव्हते. पण ती गोष्ट अर्धी होती. पहिल्याच संध्याकाळी मी गोळी दिली असती, तर फौजदार कण्हला नसता. तो कण्हला नसता, तर अण्णांनी आपल्या वाटची गोळी त्याच्यापुढे केलीच नसती. गेली सात वर्षे अण्णा ही गोष्ट याच शब्दांत सांगत आले आहेत, गावात, पाहुण्यांत, एकदा तर मला बघायला आलेल्या मंडळींपुढेही. उरलेला अर्धा भाग त्यांना ठाऊक नसेल, असे मला एकदाही वाटलेले नाही.

काका दिसेनासे झाल्यावर मी खिशातून पाकीट काढले. गोळी तळहातावर घेतली. ती आधीच्या गोळीहून लहान होती आणि पिवळसर. फौजदार पुढे सरकला, माझ्या हाताचा वास घेतला आणि पूर्वीसारखेच, काहीच न पाहता, तोंड उघडून थांबला. त्या परदेशी बाईचा कुत्रा, पांढरी हिरडी, डांबर, सारे माझ्यापुढे उभे राहिले, आणि मी मान वर केली. अण्णांनी म्हणावे, दे, किंवा म्हणावे, राहू दे.

अण्णा माझ्याकडेच पाहत होते. मग त्यांनी शेवरीच्या एका खोडाला धरून, दुखऱ्या गुडघ्यांवर सावकाश वळत, माझ्याकडे पाठ केली आणि वेलींकडे तोंड करून उभे राहिले.

"मी बघत न्हाई," ते म्हणाले. "तू दे."

मी दिली.